मीठभाकरीचा समास

मराठीच्या गृहपाठात ‘मीठभाकर’ हमखास येते. समास ओळखा, विग्रह करा. उत्तर ठरलेलं: समाहार द्वंद्व, मीठ, भाकरी आणि तसेच इतर साधे खाद्यपदार्थ. शहापूर-मुरबाडकडची पोरं संध्याकाळी आमच्या ओटीवर वह्या पसरून बसतात, त्यातल्या एकाने मध्येच पेन थांबवून विचारलं, “काका, आणि इतर पदार्थ नसलेच तर?” प्रश्न बिनतोड होता. ‘वगैरे’ गेलं की समाहार गेला, उरला इतरेतर द्वंद्व. म्हणजे समास कुठला, हे फळीवरचे डबे उघडून ठरवायचं! मी म्हटलं, “परीक्षेत समाहारच लिही बाबा, गुण त्यालाच आहेत.”

“पण हे व्याकरण काढलं कोणी?” दुसऱ्याचा सूर पोलिसात नाव द्यायला निघाल्यासारखा. काढलं असं कुणा एकट्याने नाही. मात्र दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं, तेव्हा संशय तिकडे जाणारच. आडनाव तर्खडकर, म्हणजे मूळ गाव वसईकडचं तर्खड. “म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं?” होतं. 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणेकर या आरोपातून सुटले.

खरी पंचाईत रसग्रहणाची. पावसाच्या कवितेचं रसग्रहण नेमकं जुलैत येतं, म्हणजे ऐन लावणीत. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावलेली मुलगी रात्री वही उघडते. नखांतला चिखल अजून गेलेला नसतो आणि ती गाइडातून उतरवत असते, ‘कवीने पावसाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे.’ कवी खिडकीत बसून लिहीत होता, हे तिने पहिल्या कडव्यातच ओळखलेलं असतं. “मग तसंच लिही की,” असं म्हटलं तर घाबरते. स्वमताच्या प्रश्नात स्वतःचं मत लिहायचं नसतं, एवढं शहाणपण आठवीपर्यंत सगळ्यांना आलेलं असतं.

तिलाच पुढे ‘विरोधाभास अलंकाराचे स्वतःचे उदाहरण द्या’ असा प्रश्न आला. इथे गाइड नेमकं गप्प. तिने लिहिलं, ‘भातसा आणि तानसा धरण आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि आमच्या पाड्यावर टँकर.’ मी व्याकरणाला जागलो. विरोधाभासात विरोध नुसता वरवरचा असतो, जरा विचार केला की मिटतो. हा कितीही विचार केला तरी मिटत नाही, तेव्हा उदाहरण चूक. तिने ऐकून घेतलं आणि वाक्य तसंच ठेवलं.

बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली, शेजारी ‘छान’सुद्धा. बाई कसाऱ्याकडच्या. एप्रिल लागला की शाळेतून घरी गेल्यावर त्यांनाही टँकरपुढे हंडा लावावा लागतो.