उरलेले पाच मीटर

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. आकाश मोकळं असेल, तर त्यांच्या संदेशांवरून बदलापूरच्या कात्रपमधल्या साध्या फोनलाही आपण कुठे आहोत हे पाचेक मीटरच्या फरकाने कळतं. उरलेले पाच मीटर जमिनीवरच्यांकडे आहेत. म्हणजे पालिकेकडे, रेल्वेकडे, दुकानदाराकडे आणि तुमच्या-माझ्याकडे. दृष्टिहीन माणूस अडखळतो, पडतो, दार चुकतो तो याच पाच मीटरांत. म्हणून या आठवड्यात उपग्रहांचं कौतुक थोडक्यात आणि आपल्या कामाचा हिशेब सविस्तर.

आधी कौतुक. १ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. त्या दिवशी ते थांबलं आणि शंभर मीटरपर्यंत हुकणारं ठिकाण पायी चालणाऱ्याच्या उपयोगाचं झालं. २००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक आलं, पडद्यावरची अक्षरं फोन वाचून दाखवू लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगल मॅप्सने दृष्टिहीनांसाठी पायी वाट सविस्तर बोलून दाखवण्याची सोय आणली. वळण किती दूर आहे, पुढे मोठा रस्ता ओलांडायचा आहे का, आपण वाटेवर आहोत की भरकटलो, हे ती सांगते. सुरुवात झाली अमेरिकेत इंग्रजीतून आणि जपानमध्ये जपानीतून.

डोळस लोकांना वाटतं की कानात इयरफोन घातला की फोन हाताला धरून नेतो. तसं होत नाही. निम्मं काम घरातून निघण्याआधीच करावं लागतं. रस्ता फोनवर ऐकायचा, वळणं पाठ करायची. निघाल्यावर फोन शर्टाच्या खिशात, हातात पांढरी काठी आणि इयरफोन एकाच कानात. दुसरा कान रिकामा ठेवायचा, कारण मागून येणारी दुचाकी फोनला कळत नाही. फोन गल्ली सांगतो, काठी पावलापुढचं सांगते, कान गाड्या कुठून येताहेत ते सांगतो आणि नाक बेकरी आली ते सांगतं. यातलं एकही वगळलं की चाल अडते. पावसाळ्यात छत्री दुसराही हात अडकवते आणि पावसाचा आवाज गाड्यांचा आवाज गिळून टाकतो. जून ते सप्टेंबर घराबाहेर पडणं किती कठीण होतं, हे दृष्टिहीनांना विचारा.

उल्हासनगरात नकाशाची मर्यादा लगेच कळते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. पत्ते मात्र आजही छावणीचेच आहेत: कॅम्प, सेक्शन, बराक नंबर. बराकींच्या जागी इमारती आल्या, पुढे खोल्या वाढल्या, खोल्यांपुढे दुकानं आली. नकाशावरची खूण भलत्याच कोपऱ्यावर पडते. अरुंद गल्लीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आदळून उशिरा पोहोचतो आणि फोन माणसाला शेजारच्या गल्लीत उभा करतो. मग सराईत दृष्टिहीन प्रवासी आपला नकाशा स्वतः बनवतो. पहिल्यांदा कुणाला तरी सोबत घेऊन दारापर्यंत जायचं आणि तिथे उभं राहून जागा नावाने साठवायची: ‘आत्याचं गेट’, ‘क्लासचा जिना’, ‘गिरणी’. जोडीला कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यांतल्या शिलाई मशीनचा आवाज आणि फर्निचर बाजारातला पॉलिशचा वास. या खुणा कुठल्याच कंपनीच्या नकाशात नाहीत, पण रोजच्या वापरात त्या पक्क्या आहेत.

चालण्यापेक्षाही नकाशा जास्त कामाला येतो तो रिक्षात बसल्यावर. ‘दादा, पुढच्या चौकातून डावीकडे घ्या’ असं मागच्या सीटवरची अंध तरुणी सांगते तेव्हा रस्ता तिच्या ताब्यात असतो. रिक्षा भलतीकडे वळली तर तिला त्याच क्षणी कळतं, आणि घरी आईच्या फोनवरही ती कुठवर आली ते दिसत असतं. पूर्वी ‘कुठे आलो हो?’ असं परक्या माणसाला विचारावं लागे आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसे. या एका बदलासाठी जीपीएसला शंभर गुण द्यायला मी तयार आहे.

लोकलमध्येही तेच. डब्यातली उद्घोषणा बंद पडली किंवा एक स्टेशन मागे-पुढे बोलू लागली, तरी विठ्ठलवाडी गेलं आणि उल्हासनगर येतंय हे फोन सांगतो. पण गाडीतून उतरलं की त्याचा भरवसा संपतो. छताखाली संदेश क्षीण होतो. आपण स्कायवॉकवर आहोत की त्याच्या खालच्या रस्त्यावर, हे तो खात्रीने सांगू शकत नाही. आणि फलाटाची कड कुठे आहे, हे तर त्याला कधीच कळत नाही.

त्या कडेची किंमत आपल्या तालुक्याने पाहिली आहे. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. तिथे अनेक दृष्टिहीन कुटुंबं राहतात आणि त्यांतली कितीतरी माणसं लोकलमध्ये वस्तू विकून संसार चालवतात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणीच्या फलाटावरून एका दृष्टिहीन आईचं मूल रुळांवर पडलं. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावले आणि त्याला त्यांनी वर काढलं. बक्षिसाच्या पन्नास हजारांतला अर्धा वाटा त्यांनी त्या कुटुंबाला दिला. देशभर कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्या कौतुकाच्या बरोबरीने मागायला हवी होती ती अशी व्यवस्था, जिथे कुणाला जीव धोक्यात घालून धावावं लागणार नाही. ती मागणी आपण तेवढ्या जोराने केली नाही.

आता हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागातला फुटपाथ किमान १.८ मीटर रुंद हवा. फोनची चूक पाच मीटरची. तेवढ्या चुकीत अख्खा फुटपाथ आणि त्याच्या शेजारून जाणारी रिक्षा दोन्ही मावतात. माणूस फुटपाथवर आहे की भर रस्त्यात, हे फोनला कळणारच नाही. म्हणजे फुटपाथ सलग असणं ही चैन नाही, नकाशा चालण्याची पहिली अट आहे. जिथे स्कूटर, टपरी किंवा उघडं गटार आडवं येतं, तिथे दृष्टिहीन माणूस रस्त्यावर उतरतो आणि ‘सरळ चला’ एवढंच ऐकत राहतो.

पिवळी उठावदार पट्टी जपानच्या सेइइची मियाके यांनी शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवली. पायाला कळणारी ही खूण फोन जिथे गप्प बसतो तिथे बोलते. तिच्यावर दुचाकी लावणं किंवा पार्सलचा ढीग रचणं म्हणजे दुसऱ्याची वाट अडवणं. खोदकामाचंही तेच. काठी जमिनीलगत शोध घेते. चराभोवती कमरेइतक्या उंचीवर बांधलेली दोरी तिला लागतच नाही, ती खालून निघून जाते आणि मागोमाग माणूस चरात. जमिनीलगत एक आडवी फळी लावली तर काठीला ती बरोबर लागते. एका फळीपुरतं काम आहे हे. कंत्राटाच्या अटींत एक ओळ लिहायची, बस.

कायदा नाही असंही नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सार्वजनिक इमारती सुगम करायला त्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत २०२२ मध्ये संपली. स्वतः दृष्टिहीन असलेले राजीव रतुरी २००५ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांच्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने बजावलं की सुगमतेचे किमान निकष ही शिफारस राहू शकत नाही, ते सक्तीचे हवेत. म्हणजे रॅम्प, पट्टी, उद्घोषणा यांसाठी हात जोडायचे नाहीत. हा हक्क आहे.

पैशाचं कारणही पुरेसं नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. थेट मदतीची गरज आहेच, ती थांबू नये. पण त्या निधीतून आणखी एक गोष्ट व्हायला हवी: काठी आणि फोन एकत्र वापरायचं प्रशिक्षण, आपल्याच शहरात. दृष्टिहीनांसाठीची १९५२ पासूनची नॅब ही संस्था आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं २००३ पासूनचं त्यांच्यासाठीचं केंद्र मुंबईत आहेत. बदलापूरच्या नवख्या दृष्टिहीन माणसाला तिथे शिकायला जायचं, तर मुंबईचा प्रवास आधीच जमावा लागतो! शिकवणारा माणूस इथे आला पाहिजे आणि शिकवणी अंबरनाथच्या, उल्हासनगरच्या खऱ्या गल्ल्यांत झाली पाहिजे.

आता तुमच्यासाठी कामं. तुमचं दुकान, दवाखाना, क्लास नकाशावर असेल तर आजच उघडून बघा. खूण बहुधा इमारतीच्या मधोमध असते. ती दारावर आणा. नाहीतर दृष्टिहीन माणूस मागच्या भिंतीशी पोहोचतो आणि फोन म्हणतो, ‘आलात’. कुणी वाट विचारली तर हात धरून ओढू नका. ‘मदत हवी का?’ असं आधी विचारा आणि मग ‘उजवीकडे दहा पावलं, पुढे एक पायरी’ असं मोजून सांगा. दुचाकी फुटपाथवरून खाली घ्या.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तीनही शहरांत स्टेशनच्या दारापासून रिक्षा स्टँडपर्यंतची वाट अखंड, मोकळी आणि पिवळ्या पट्टीची मागा. हे अंतर चालायला काही मिनिटं लागतात, त्यासाठी महायोजनेची गरज नाही. आपल्या नगरसेवकाला आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांना लेखी विचारा: गेल्या वर्षीचे पाच टक्के किती झाले, कशावर गेले, यंदा त्यातून ही वाट होणार का आणि कोणत्या तारखेपर्यंत? उत्तरही लेखीच घ्या.