श्याम गोरेगावात

गोरेगाव म्हटलं की बाहेरची माणसं हमखास विचारतात, "चित्रनगरी जवळच असेल, नाही?" आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. इथे शूटिंग होत नाही, धान होतो. सिनेमाचे परीक्षक मात्र घरोघरी आहेत, आणि त्यातली सर्वांत कडक परीक्षक आमच्या घरात राहते. नात, वय वर्षे नऊ.

तिला आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' दाखवला. हेतू संस्कारांचा नव्हता. घटकाभर मोबाइल हातातून सुटावा, एवढाच. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं, असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं. तिने जांभई दिली. थोड्या वेळाने विचारलं, "आबाजी, हे लोक एवढं भाषण काहून देतात?"

आता काय सांगणार? सिनेमा अत्र्यांचा, आणि अत्रे म्हणजे भाषण आलंच.

पण तळव्यांचा प्रसंग आला. अंघोळ झालेली, तळवे ओले, त्यांना माती लागेल म्हणून श्याम अडून बसतो आणि आई धोंडीवर आपलं लुगडं पसरते. नात सावरून बसली. "म्या असा नखरा केला तर मले मार पडते!" म्हणाली. त्या आवाजात श्यामबद्दल राग कमी आणि हेवा जास्त होता. आई झालेल्या वनमालाबाईंचं कौतुक आम्ही मोठ्यांनी करावं. तिची नजर श्याम झालेल्या माधव वझ्यांच्या हट्टी चेहऱ्यावरून हलेना.

माझं मत तिथेच पक्कं झालं. जुन्या बालपटांत म्हातारी होतात ती मोठी माणसं. त्यांचे उपदेश, हुंदके आणि मागची व्हायोलिनं आज खटकतात. हट्ट करणारं पोर मात्र कालचंच वाटतं. आणि जिथे पोराच्याच तोंडी मोठ्यांची वाक्यं घातली, तिथे पोरही म्हातारं झालं. हिंदीत डेझी इराणी या बालनटीला मुलाचे कपडे घालून किती शहाणपण बोलायला लावलं! प्रेक्षक तेव्हा डोळे पुसत. आता पोरं खिदळतात. श्रेयनामावलीत 'बेबी' आणि 'मास्टर' लिहायचं आणि संवाद आजोबांचे द्यायचे, असा तो सगळा कारभार.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना ही चैन परवडत नाही. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत नाटक रात्रभर चालतं, पोरं पुढेच बसलेली असतात. रंगमंचावरचं पोर खोटं बोललं की ती सरळ झोपतात. यापेक्षा प्रामाणिक परीक्षण मी वाचलेलं नाही.

सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा केला, तोही कृष्णधवल. नातीला विचारलं, हा बघू या का? म्हणाली, "रंग काहून नाही टाकले मग?" या प्रश्नाचं उत्तर दिग्दर्शकांनीच द्यावं.

तर जुने बालपट नातवंडांना जरूर दाखवा. भाषणं आली की खुशाल पुढे सरकवा, अत्रे रागावणार नाहीत. तळव्यांच्या प्रसंगाला मात्र रिमोट लपवून ठेवा.