भाऊसाहेबांची दुपार

सहा-सात-आठ हा ग्रुप टूरचा मूलमंत्र आहे: सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. चाळीस जणांच्या गटात या मंत्राला न बधणारा एक गृहस्थ असतोच आणि तो अकोला किंवा अमरावतीचा असला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. त्याला आपण भाऊसाहेब म्हणू. भाऊसाहेब आळशी नसतात. सहाच्या हाकेआधीच आंघोळ उरकून, स्वेटरवर मफलर आणि मफलरवर कानटोपी चढवून ते मनालीच्या हॉटेलच्या पायरीवर बसलेले असतात. उठण्याबद्दल त्यांची काही तक्रार नसते. बसल्या जागेवरून उठवण्याबद्दल असते. टूर मॅनेजर त्यांना रोज नवा पॉइंट दाखवू पाहतो आणि भाऊसाहेब रोज तिथे पोचल्यावर आधी टेकायला जागा शोधतात. यावरून लोक असा निष्कर्ष काढतात, की या माणसाला पर्यटन कळत नाही, याचे पैसे वाया गेले. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सबंध बसमध्ये पैसे पुरते वसूल करणारा तोच एक असतो. कारण आपण काय विकत घ्यायला आलो आहोत, हे फक्त त्याला ठाऊक असतं. तो बर्फ बघायला आलेला नाही. तो दुपार बघायला आलेला आहे.

हे समजायला वऱ्हाडातला मे महिना डोळ्यांपुढे आणावा लागतो. अकोल्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा वर्तमानपत्रांत ती बातमी असते, गावात ती नुसती सवय असते. सकाळी अकराच्या सुमारास रस्ते ओस पडतात आणि पाचपर्यंत तसेच राहतात. ज्याला जाणं भागच आहे तो डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून निघतो. बाकीचे खिडक्या-दारं लावून, अंधार करून कूलरसमोर पडून असतात आणि टाकीतलं पाणी संपलं की कोणी उठायचं यावर घरात मौन पाळलं जातं. म्हणजे वऱ्हाडी माणसाच्या दिवसातून रोज सहा तास वजा होतात. आणि हेच तास जगात सगळीकडे निवांतपणाचे मानले जातात. ज्याचा स्वभाव ओट्यावर बसून गप्पा हाणण्याचा, त्याला उन्हाळ्यात ओटा मिळतो तो दिवेलागणीनंतर, तोही तापलेला. अशा माणसाला भर दुपारी एक वाजता उघड्यावर खुर्ची टाकून, उन्हाकडे तोंड करून बसायला मिळणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या सहप्रवाशाला सांगून समजणार नाही.

यावर पहिला आक्षेप घरचाच असतो: मग चिखलदरा काय वाईट आहे? गोष्ट खरी आहे. वऱ्हाडचा कारभार पाहणारे इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात तिथेच जाऊन बसत. तिथे कॉफी पिकते, शेजारी गाविलगडासारखा किल्ला आहे. पण हा प्रश्न अभिमानाचा नसून हिशेबाचा आहे. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे 280 मीटरवर, चिखलदरा सुमारे 1,100 वर. म्हणजे पदरात पडतात जेमतेम पाच अंश, आणि पंचेचाळिसातून पाच गेले तरी चाळीस उरतात. रात्रीला चिखलदरा पुरतो, पावसाळ्याला तर पुरून उरतो. मेच्या दुपारला पुरत नाही. मनाली 2,000 मीटरच्या वर आहे आणि पुष्कळ उत्तरेलाही. शिवाय चिखलदरा फार जवळ आहे. मे म्हणजे ऐन लग्नसराई. चिखलदऱ्याला गेलेल्या माणसाला फोन करून, “संध्याकाळच्या लग्नाले येऊन जा” असं सांगता येतं. मनालीच्या माणसाला तसं सांगता येत नाही. पत्रिका देणाऱ्याला “टूरचे पैसे भरेल हायेत” इतकं म्हटलं की वऱ्हाडातला कोणताही यजमान निरुत्तर होतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: नुसतं बसायचंच होतं तर या माणसाने पाहिलं काय? इथे हिडिंबा मंदिराचं उदाहरण पुरेसं आहे. 1553 मधलं हे लाकडी देऊळ उंच देवदारांच्या गर्दीत उभं आहे. गाइड बोलत असतो, मंडळी फोटो काढत असतात आणि भाऊसाहेब एका बुंध्याशी पार शोधून बसलेले असतात. पण बसल्या बसल्या त्यांनी जे पाहिलं ते फोटोवाल्यांच्या ध्यानातही येत नाही. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं ते चिखलदऱ्याला, आणि हात धुतले ते भीमकुंडात, अशी आपल्याकडची कथा. त्याच भीमाची ही बायको. “म्हंजे हे आपल्या भीमाची सासुरवाडी व्हय,” असा निवाडा देऊन भाऊसाहेबांनी मेळघाट आणि हिमालय यांची सोयरीक पक्की केलेली असते. लग्नं चुकवायला आलेल्या माणसाने इथे येऊन युगानुयुगांचं लग्न उकरून काढावं, यात विसंगती आहे खरी. पण बघणं आणि हिंडणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्यातून सिद्ध होतं.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा: निवांतपणा हवा तर चाळीस जणांच्या कळपात कशाला? जोडीने जावं, एकांतात राहावं. हा निवांतपणा वेगळा. भाऊसाहेबांच्या लेखी एकांत म्हणजे आजारपण. त्यांना दुपार मिळाली तरी ती वाटून घ्यायला माणसं लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी बसमध्ये “कोठचे व्हय बापा तुमी?” अशी चौकशी सुरू होते, दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरच्या कुटुंबाशी मावसमामाकडून नातं निघतं आणि तिसऱ्या दिवशी ठेच्याची बरणी सीटवरून सीटवर फिरते. मराठी सहल कंपन्या हिमालयातही पिठलं-भात वाढतात म्हणून त्यांची थट्टा होते. पण त्यांनी गिऱ्हाईक अचूक ओळखलं आहे. भाऊसाहेबांना गाव सोडायचं नसतं, गावचं ऊन तेवढं सोडायचं असतं. राहता राहिल्या काकू, आणि इथे मात्र भाऊसाहेबांना थोडं खाली बसवलं पाहिजे. त्यांना बारा महिने जिथे बसतील तिथे चहा मिळतो. काकू निघण्याआधी कुरडया, पापड, लोणचं उरकून, वर प्रवासाचा चिवडा करून आलेल्या असतात. आयता चहा ही त्यांची मनाली आहे. बर्फाच्या गोळ्यांनी नातवाला झोडपण्यात त्याच पुढे असतात, आणि नवऱ्याशेजारी बसायचं सोडून त्या सगळे पॉइंट हिंडून येतात, याचं कारणही हेच. वर्षभर ज्याला जे मिळालं नाही, ते तो डोंगरावर मागतो. हा नियम दोघांनाही लागू आहे.

भाऊसाहेब मनालीहून रोज न चुकता घरी फोन लावतात तो याच नियमाने. खुशाली नंतर; पहिला प्रश्न “तिकडं किती हाय?” उत्तर जितकं मोठं तितका इथला स्वेटर उबदार. यात कोणी दुष्टपणा पाहील, पण हा नुसता ताळा आहे. खर्चाची वही रात्री जुळवतात तसा. परत आल्यावर दिवेलागणीला ओट्यावर बैठक बसते. ते बर्फाचं सांगतात, मंडळी माना डोलावतात. बर्फ सिनेमात सगळ्यांनी पाहिलेला असतो. रोहतांगचं सांगतात, तेही टीव्हीवर येऊन गेलेलं असतं. मग भाऊसाहेब जरा थांबतात आणि म्हणतात, “दुपारी एक वाजता आमी भाईर बसेल होतो. उन्हात.” ओटा एकदम गप्प होतो.