उबेचे प्रशासन
ब्रिटनमधल्या घरांनी रेडिएटरला अखेर अक्कल दिली, याबद्दल त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. १९४३ साली डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी पेटंट घेतलेला रेडिएटरचा जुना व्हॉल्व्ह उष्णतेने आपोआप मिटायचा, गारठ्याने उघडायचा. तोही कोणालाही न विचारता! अशी बेशिस्त आता खपत नाही. नवा स्मार्ट व्हॉल्व्ह आधी वायफाय शोधतो, मग सेल मागतो. रेडिएटरलाच चिकटून बसल्याने खोली तापल्याचे त्याला सर्वांआधी कळते. पलीकडे कुडकुडणाऱ्यांना ती आनंदवार्ता मोबाइलवर वाचता येते. पुढच्या आवृत्तीत घरातल्यांनाही सेन्सर लावून त्यांची थंडी अधिकृतपणे अमान्य करावी, ही नम्र सूचना. उन्हाळाभर अडकून बसलेली व्हॉल्व्हमधली पिन मात्र अजून हातानेच दाबून सोडवावी लागते. त्यासाठी आधी त्याचे स्मार्ट डोके काढून बाजूला ठेवावे.