हाफ

सकाळी सहाला गांधी मैदानावर धुकं असो नाहीतर पावसाचं तळं साचलेलं असो, "आरं, दे की!" अशी हाक उठली की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेनं ओळखावं, आण्णांची प्रॅक्टिस सुरू झाली.

आण्णा पंधरा वर्षं तालमीच्या टीममधनं सेंटर हाफ खेळले. "मिडफिल्डर-बिडफिल्डर आत्ता आलं. आम्ही हाफ. चहातला न्हवं!" हा विनोद ते रोज करतात आणि रोज एकटेच हसतात. शाहू स्टेडियमवर गोल किती मारले, हे मात्र विचारू नये. मी एकदा विचारलं. "गोल काय, कोण पण मारतंय," म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास मला त्यांचे पास ऐकावे लागले. कुणाच्या डाव्या पायावर दिला, कुणाच्या उजव्या, सगळं. त्यांच्या नावावर एक गोल आहे म्हणे. "त्यो पासच हुता. गोलकीपरनं सोडला, त्याला मी काय करू?"

22 जून 1986. मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध मॅराडोना स्वतःच्या हाफमधनं निघाला आणि एकेकाला चकवत त्यानं जो गोल घातला, तो कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आण्णा शांतपणे विचारतात, "त्याला बॉल दिला कुणी?" एक्टर एन्रिके. मधल्या फळीतला गडी. पास म्हणाल तर अगदी जवळचा, साधा. असा पास मिळाल्यावर गोल व्हायलाच हवा होता, असं एन्रिके पुढं गमतीनं सांगायचा. आण्णा तेच गंभीरपणे सांगतात.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा पेठेत साखर वाटली ती आण्णांनीच. वर म्हणाले, "फॉरवर्ड हाय, तरी गुणी पोरगं!"

गुडघा बोलायला लागल्यावर त्यांनी कोचिंगचं डी लायसन्स काढलं. तिथं सांगितलं होतं, पोरांवर ओरडू नका, त्यांना प्रश्न विचारा. तेव्हापासनं आण्णा प्रश्न ओरडतात. "येकटाच कुठं निघालास? घरला?"

लग्नाच्या पंगतीतही ते स्वतः वाढत नाहीत. मधोमध उभे राहतात आणि बादल्या फिरवतात. "रस्सा उजवीकडं काढ! जिलबी, मागं बघ, मागं मोकळं हाय!" एकाही पाहुण्याचं ताट रिकामं राहत नाही, हे कबूल केलं पाहिजे. आण्णांचं स्वतःचं जेवण मात्र दर वेळी राहून जातं.

परवा शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एका पोरानं तिघांना चकवलं, कुणाला पास न देता गोल मारला आणि मॅच जिंकली. गॅलरी नाचत होती. आण्णा खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होते. मी डोकावून पाहिलं, तर गोल मारणाऱ्याचं नाव नव्हतं.

मॅचनंतर मिसळ मिळाली ती, ज्यानं त्या पोराला बॉल दिला होता त्याला. गोल मारणाऱ्यानं आपले पैसे आपण दिले.