दोरीच्या पलीकडचे

लासूर स्टेशनला सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. मोंढा आहे, कांद्याचं मार्केट आहे, दाक्षायणी देवीचं देऊळ आहे, शिवना नदी आहे आणि काही महिने तिच्यात पाणीही असतं. आमच्या गंगापूर तालुक्याला समुद्राची हौस नाथसागरावर भागवावी लागते. कायगाव टोक्याला तो पसरलेला दिसला की गाडीतलं लहान पोर "समुद्र!" म्हणून ओरडतं आणि मोठी माणसं त्याला दुरुस्त करत नाहीत. खरा समुद्र पाहायचा तर आधी मनमाड गाठायचं, आणि तिथून मुंबई आणखी अडीचशे किलोमीटरच्या वर. अशा गावातल्या माणसाने क्रूझवरच्या प्रीमियम प्रवाशांच्या खास सवलतींवर मत द्यावं का? द्यावं. शेतकऱ्याच्या प्रश्नावर मत देणाऱ्यांना कुठे शेत असतं?

निमित्त मेहुण्याचं. तो पुण्यात आयटीत आहे. म्हणजे त्याला सुट्टी मिळत नाही, पण सुट्टीत कुठे जायचं याचे तक्ते तो वर्षभर करत असतो. त्याने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली आणि पाठोपाठ फोन केला. "दाजी, डिसेंबरात सिंगापूरहून क्रूझ. तुम्ही आणि ताईने यायचंच. फक्त एवढं सांगा, साधी खोली घेऊ का स्वीट? स्वीटला दुपटीहून जरा जास्त पडतील, पण पर्क्स बघा हो!"

पर्क्स मी एकट्याने बघितले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण पीडीएफ उघडली तेव्हा मी मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर होतो, आणि आमच्याकडे दुसऱ्याच्या मोबाइलचा पडदा ही सार्वजनिक मालमत्ता समजतात. शेजारच्या अडत्याने चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"बोटीवर सगळ्यांच्या आधी चढायचं. मग बोट यांच्यासाठी आधी सुटती का?"

"नाही. सगळे चढल्यावरच सुटते."

"म्हंजे आधी चढून नुसतं बसून राह्यचं. हे तर आपण एसटीत रुमाल टाकून फुकट करतो."

पुढची सवलत होती सगळ्यांच्या आधी उतरण्याची. ती ऐकून टपरीवाल्यानेही स्टोव्ह बारीक केला. ज्या बोटीवर राहण्यासाठी एवढे पैसे मोजायचे, तिच्यावरून लवकर खाली उतरवून देण्याचे आणखी वेगळे पैसे, हा हिशेब त्याला काही केल्या लागेना.

तिसरी सवलत बटलरची. हा माणूस म्हणे आल्याबरोबर आपली बॅग उघडतो आणि कपडे कपाटात लावून देतो. घरी हे सांगितलं तेव्हा मंडळींच्या हातातलं लाटणं थांबलं. "परक्या माणसाने माझी बॅग उपसायची?" तिची भीती रास्त होती. तिच्या बॅगेत काय असतं ते मला ठाऊक आहे. वर दोन ठेवणीतल्या साड्या. खाली दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, मोडू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळलेले पापड, आणि "असू द्या, लागते" या एकाच कारणासाठी जगभर हिंडणाऱ्या चार रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पांढऱ्या हातमोज्यांतला तो बिचारा ठेच्याची बरणी धरून उभा आहे आणि ती औषधांत ठेवावी की दारूच्या कपाटात, याचा विचार करतो आहे, हे चित्र माझ्याही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिनेच तोडगा काढला. "आधी मी सगळं कपाटात लावून ठेवीन. मग बोलवा त्याला."

थट्टा पुरे, कारण हा धंदा लहान नाही. एमएससी कंपनीने २००८ साली 'फँटाशिया' बोटीवर 'यॉट क्लब' काढला. वेगळ्या खोल्या, वेगळं जेवणघर, वेगळा तलाव, आणि आत शिरायला वेगळं कार्ड. नॉर्वेजियन कंपनीच्या बोटींवर अशाच भागाला 'द हेवन' म्हणतात, म्हणजे बाकीचे कुठे राहतात ते विचारू नये. क्युनार्डच्या बोटींवर तुम्ही कुठल्या दर्जाच्या खोलीत उतरलात यावर जेवणघर ठरतं. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या बोटींवर सर्वांत महागड्या स्वीटवाल्यांच्या दिमतीला जो माणूस असतो त्याचं नावच 'रॉयल जिनी'. जुन्या गोष्टीतला जिन दिवा घासला की यायचा. हा क्रेडिट कार्ड घासलं की येतो.

थोडक्यात, बोटीच्या पोटात आणखी एक बोट आणि दोहोंच्या मधे एक दोरी. लाल, मखमली, दोन पितळी खांबांना अडकवलेली. पलीकडे नेमकं काय आहे ते अलीकडच्याला दिसू नये, पण दोरी मात्र दिसावी, अशा बेताने ती लावलेली असते. माझं म्हणणं एवढंच, की खास सवलतींचे पैसे म्हणून आपण जे भरतो, त्यातले निम्म्याहून अधिक त्या दोरीचे असतात.

हे शहाणपण काही माझं नव्हे. ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ सालीच रेल्वेबद्दल ते लिहून ठेवलंय. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्परच नसायचं. लोक म्हणायचे, कंपनी चिक्कू आहे. द्युपुई म्हणाला, छपराचा खर्च कंपनीला जड नाही, आणि गरिबाला छळण्यातही तिला गोडी नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं ज्याला परवडतं त्याने तिसऱ्यात बसू नये, एवढ्याचसाठी ही तजवीज आहे. म्हणजे भिजायचं एकाने आणि ते बघून खिसा उघडायचा दुसऱ्याने! बोटीवर चढतानाची रांग पाहिली की मला हा गृहस्थ आठवतो. आणखी दोन खिडक्या उघडल्या तर रांग आखूड होईल. पण रांगच आखूड झाली तर रांग चुकवण्याचे पैसे कोण देणार?

दोरीचं हे शास्त्र आम्हा लासूरकरांना प्लॅटफॉर्मवर बसल्या बसल्या शिकायला मिळालंय. मनमाड ते संभाजीनगर हा मार्ग निजामाच्या राज्यात १९०० साली मीटरगेजवर सुरू झाला. पुढे ब्रॉडगेज आली, विजेच्या तारा आल्या, पण एकेरी मार्गाने लावलेली क्रॉसिंगची सवय आमच्या हाडीमाशी खिळली आहे. पॅसेंजर बाजूच्या रुळावर घेतात. माणसं उतरतात, बाटल्या भरून घेतात, शेंगावाल्याचा धंदा होतो. मग समोरून मोठी गाडी धाडधाड निघून जाते. २००४ साली सुरू झालेली 'डेक्कन ओडिसी' वेरूळच्या पाहुण्यांना घेऊन याच रुळांवरून संभाजीनगरला जाते. निळी, राजेशाही, आत प्रेसिडेन्शियल स्वीट. लासूरला थांबा नाही. ३० डिसेंबर २०२३ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. तिलाही लासूर दिसत नाही.

एकदा ओडिसी इथून जरा हळू गेली. काचेआड एक गोरी आजी होती. आमच्या पॅसेंजरमध्ये भाकरी सोडून बसलेल्या बायांचे ती फोटो काढत होती, आणि आमच्या बाया, तोंडातला घास तसाच ठेवून, मोबाइलवर तिचे. तिकिटांत लाखांचा फरक, करमणूक दोन्हीकडे सारखीच. वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्ह डब्यात खुर्ची गर्रकन फिरते म्हणतात. फिरवून बघायचं काय? पोटूळ सोडलं की दौलताबादचा किल्ला. तो पॅसेंजरमधूनही तेवढाच उंच दिसतो. उलट जास्त वेळ दिसतो, कारण पॅसेंजरला घाई नसते.

सगळीकडेच लोक एवढे समजूतदार नसतात. २०१६ साली दोन संशोधकांनी विमानांतल्या भांडणांचा हिशेब मांडला. ज्या विमानात पुढे पहिल्या वर्गाचा वेगळा कप्पा असतो, तिथे मागच्या वर्गात आरडाओरडा होण्याची शक्यता जवळपास चौपट निघाली. चढताना सगळ्यांना त्या पहिल्या वर्गातून नेलं, तर भडका आणखी मोठा. मागे चेंगरून बसण्याचं दुःख एक वेळ गिळता येतं, पण पुढचा पाय पसरून बसलाय हे बघत बघत ते गिळता येत नाही.

द्युपुईच्या त्या कंपनीच्या नेमकं उलट काम करणारा माणूस मात्र आपल्याकडचा. रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग कागदावरून काढला, तरी झोपायची फळी लाकडीच राहिली. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि दुसऱ्या वर्गाच्या त्या फळ्यांवर दोन इंच फोम चढू लागला. पहिल्या वर्गाची गादी त्यांनी काढून घेतली नाही. दुसऱ्या वर्गाची पाठ तेवढी वाचवली. दोन इंच म्हणजे बोटाची दोन पेरं. पण रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत उतरून दिवसभर मंत्रालयात हेलपाटे घालणाऱ्या माणसाला त्या दोन पेरांची किंमत विचारा.

खास सवलतीची कसोटी मला या फोमने दिली. जी गोष्ट सगळ्यांना मिळाली तरी आपलं सुख कणभर कमी होत नाही, ती खरी सोय. शेजाऱ्याच्या पाठीखाली फोम आहे म्हणून आपला फोम टोचत नाही. आणि जी सगळ्यांना मिळाल्याबरोबर बेचव होते, ती नुसती दोरी.

दोरीचा आणखी एक घोळ आहे. ती विकत घेणारे वाढले की तिच्या पलीकडेही रांग लागते. रॉयल कॅरिबियनमध्ये ८० गुण झाले की प्रवासी 'डायमंड' होतो. साध्या खोलीत एका रात्रीचा एक गुण. सर्वांत वरची पायरी 'पिनॅकल', तिला ७०० लागतात. सातशे रात्री म्हणजे जवळपास दोन वर्षं. तेवढ्यात आमच्याकडे लग्न होऊन बारसंही उरकतं. एवढे हिरे बोटीवर गोळा झाले की त्यांच्या खास बैठकीतही खुर्चीसाठी टपून राहावं लागतं. मोंढ्यात कांद्याचं हेच होतं. एखाद्या ट्रॉलीला जास्तीत जास्त भाव फुटतो, तो पेपरात छापून येतो, दुसऱ्या दिवशी दुप्पट ट्रॉल्या येतात आणि छापलेला भाव कुणाच्याच पदरात पडत नाही.

तर कसोटी हातात घेऊन मी पीडीएफ पुन्हा वाचली, या वेळी घरी, दार लावून. बाल्कनीला पैसे द्यावेत. शेजाऱ्यालाही बाल्कनी असली म्हणून आपल्याकडचा वारा कमी होत नाही. गुडघे दुखत असतील तर रांग चुकवायलाही द्यावेत. गुडघ्याला मानापमान कळत नाही, उभं राहणं कळतं. पांढरा झगा आणि सपाता नकोत. तो झगा घालून मी घराबाहेर पडलो तर मंडळी मला ओळख देणार नाहीत. फळांची टोपली नको, ती आमच्याकडे दवाखान्यात नेतात. शिवाय बहुतेक बोटींवर रोजची टीप बिलात आपोआप लागते, आणि स्वीटवाल्याला ती जास्त लागते, हेही ध्यानात ठेवावं.

पीडीएफने एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. महागडे स्वीट सहसा वरच्या मजल्यांवर असतात, आणि समुद्र खवळला की बोटीचा वरचा भाग नि दोन्ही टोकं जास्त हलतात. सगळ्यांत कमी हलते ती खालच्या अंगाची, मधोमधची खोली, आणि बऱ्याचदा तीच स्वस्त असते. आमच्या मंडळींना कन्नडच्या घाटात गाडी लागते. अशा माणसाने स्वीट घ्यायचा म्हणजे उलटीसाठी जादा पैसे भरायचे.

आणि जीवच वाचवणारी म्हणावी अशी सवलत बोटींच्या इतिहासात एकच होऊन गेली. १९१२ साली 'टायटॅनिक'च्या पहिल्या वर्गाला पोहायचा तलाव होता, तुर्की हमामखाना होता, स्क्वॅशचं कोर्ट होतं. त्या रात्री यातलं काहीही कामाला आलं नाही. कामाला आलं ते होड्यांच्या जवळ असणं. पहिल्या वर्गातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातले जेमतेम पाव. त्यानंतर १९१४ साली देशादेशांनी मिळून ठराव केला, की होड्यांत जागा बोटीवरच्या प्रत्येकाला पुरायला हवी. तेव्हा ती सवलत आता सर्वांत स्वस्त खोलीच्या तिकिटातही येते. दोरी काढून टाकली ती एवढ्या एकाच ठिकाणी, आणि नेमकी जिथे काढायला हवी तिथेच.

मेहुण्याला कळवलं, मधल्या मजल्यावरची, मधोमधची, बाल्कनीची खोली घे. तो हिरमुसला. "दाजी, आयुष्यात एकदाच जातो आपण. थोडं स्टेटस नको का?" मी म्हटलं, "स्टेटस लासूरला परत आल्यावर. तिथे बोटीवर मला ओळखतो कोण?" मागून मंडळींनी विचारलं, बाल्कनीत पापड वाळवू देतात का.

तुम्हीही जाणार असाल तर माझं ऐका. वारा, झोप आणि गुडघे यांवर मोकळ्या हाताने खर्च करा, दोरीवर एक पैसाही घालवू नका. आणि घरून एक दिवस आधी निघा. सुटायची वेळ झाली की बोट स्वीटवाल्यासाठीसुद्धा थांबत नाही.