कापूस मंडळीचा भात

सुरतेत जहांगीरपुरा आणि पाल इथल्या ‘कॉटन’ सहकारी मंडळ्या आता भात घेतात. कालव्याचं पाणी आलं, ओलपाडकडचा कापूस गेला, पाटी तेवढी राहिली. जया, गुर्जरी, मसुरी जातीचा भात टाकून शेतकरी घरी जातो. भाव मंडळी मागाहून जाहीर करते. भाव पडला तर कोणाच्या ओसरीवर जाऊन बसायचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण कमिटी त्यानेच निवडलेली.

तिकडे सरकारचं भारतीय अन्न महामंडळ १९६५ पासून गहू-तांदूळ घेतंय. पण त्याचे संचालक नेमतं केंद्र सरकार. कायद्याने अर्थखात्याला खुर्ची दिली, वखार महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालकालाही दिली. शेतकऱ्याला? त्याला ट्रॅक्टरची सीट आहे की! कॅनडाच्या गहू मंडळात १५ पैकी १० संचालक शेतकरी निवडायचे; २०१२ मध्ये तिथल्या सरकारने मंडळाची मक्तेदारीच मोडली. आपण शहाणे, मुळात निवडणूकच ठेवली नाही.

सरकारी खरेदीत १७ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा भात नाकारतात. उद्या महामंडळाचं मतदान झालंच, तर केंद्रावर आधी मतदाराचा ओलावा मोजतील.